पडद्याची बरोबर बाजू

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळी.

सापडला. ‘शिडी धरा, सासरेबुवा’ कोणीतरी यूट्यूबवर टाकून ठेवला आहे. अख्खा सिनेमा, फुकट. या देशात अजून चांगली माणसं आहेत, फक्त ती आमच्या बिल्डिंगमध्ये राहत नाहीत.

सातव्या वर्षी गणपतीत पाहिला होता. इथेच, धरमपेठेतल्या आमच्या जुन्या गल्लीत, रस्त्यावर पांढरा पडदा बांधून. मी अगदी पुढे, मंडळाच्या अध्यक्षांच्या शेजारी, खुर्चीवर. एकदाच पाहिला, पण सीनन् सीन पाठ. तेव्हापासून लग्न असो, बारसं असो, जेवणं झाली की लोक म्हणणारच, कृष्णकांत, सिनेमा सांगा. अलीकडे म्हणत नाहीत. पण मनात असतं, चेहऱ्यावर दिसतं.

त्याच दिवशी. संध्याकाळी.

प्लॅन तयार. कोजागिरीला गच्चीवर मोठ्या पडद्यावर सिनेमा, मसाला दूध, आणि कौसल्याला पुण्याहून बोलावणं. माझा सिनेमा म्हटल्यावर ती येणारच. तो मी तिला लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सांगितला होता. तेव्हा ती खूप हसली होती. निदान तोंडावर पदर धरला होता.

ती आमच्या मुलीकडे, वेदिकाकडे, बाळाला सांभाळायला गेली आहे. बाळ यंदा के.जी.त गेलं, पण शाळांचा काही भरवसा नाही. कोजागिरी झाली की ती इथेच राहील. हे मी ठरवलं आहे, तिला त्या दिवशी सांगेन.

१६ सप्टेंबर, मंगळवार.

कौसल्याला फोन केला. ‘बघू’ म्हणाली. छत्तीस वर्षांचा संसार आहे, मला तिचं ‘बघू’ कळतं. होच म्हणाली.

तिने विचारलं, सिनेमा नुसता बघायचा आहे की ऐकायचाही आहे? मी म्हटलं, दोन्ही. तिने गॅसवर दूध आहे म्हणून फोन ठेवला. आनंद झाला असावा.

१९ सप्टेंबर, शुक्रवार.

सिनेमा आधी बघायचा नाही असा निश्चय केला होता. पाठ असलेली गोष्ट तपासून काय बघायची? तरी क्वालिटी चेक म्हणून पहिली पाच मिनिटं पाहिली.

सिनेमा उलटा चढवला आहे! हीरो उजवीकडून येऊन शिडीवर धडकतो. माझ्यासमोर तो डावीकडून आला होता. चुन्याची बादली त्याच्या डाव्या पायात अडकते ती शेवटपर्यंत निघत नाही, इथे उजव्या. पन्नास वर्षं मी डावा पाय ओढत तो चालून दाखवतो आहे, मला माहीत नाही होय? तिथल्या तिथे कॉमेंट टाकली: ‘आपण सिनेमा उलटा अपलोड केला आहे. त्वरित दुरुस्ती करावी.’

२१ सप्टेंबर, रविवार.

त्या माणसाचं उत्तर आलं. ‘काका, सरळ आहे. टायटल्स बघा, नीट वाचता येतात.’

टायटल्स नंतर चिकटवली असणार. असल्या पोरकट लोकांच्या हातात आपला सांस्कृतिक ठेवा आहे. वाद घालायचा नाही असं ठरवलं. मग आणखी तीन कॉमेंटी टाकल्या.

२४ सप्टेंबर, बुधवार.

आमच्या स्वयंपाकाच्या कांताबाई आज विचारत होत्या, बाई खरंच येऊन राहिल्या का? मी म्हटलं, येणार आणि राहणार. त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, “साहेब, या टायमाले त्याइले थोडं बोलू द्या.”

कांताबाईंना काय माहीत. कौसल्या रागावून गेली असा काहींचा समज आहे. साळ्याच्या, म्हणजे कौसल्याच्या भावाच्या, तेरवीला मी सिनेमा सांगितला, त्याचं लोकांनी निमित्त केलं. पंगत बसली होती, सगळे रडवेले, वातावरण हलकं करायला नको? बाकाचा सीन सांगितला, उठून चालून दाखवला. साळ्याच्या बायकोने ताट सरकवलं, ते वेगळ्या कारणाने असेल. पुढच्या आठवड्यात कौसल्या पुण्याला गेली. दोन गोष्टी एकापाठोपाठ झाल्या म्हणजे त्यांचा संबंध असतोच असं नाही.

बाकाचा सीन म्हणजे सिनेमाचा कळस. हीरो पांढऱ्या कोटात मुलगी बघायला निघतो. वाटेत बगीचा, बाक, बाकावर चिनी भाषेतली पाटी. आमच्या बाबांनी तेव्हाच सांगितलं होतं, चिनी आहे. हीरो त्या पाटीसमोर शहाण्यासारखी मान डोलावतो, जणू चिनी येते, बाकावर इवलासा रुमाल पसरतो, बसतो. उठतो तर मागे सगळे पट्टे, मधोमध रुमालाएवढा कोरा चौकोन! कौसल्याने एकदा विचारलं होतं, पण पट्टे उमटले कशाने? मी म्हटलं, विनोदाला कारण विचारायचं नसतं. त्यानंतर तिने कधीच विचारलं नाही. समजूतदार आहे.

२७ सप्टेंबर, शनिवार.

चंद्रभानकडे गच्चीची चावी मागायला गेलो. तिसऱ्या मजल्यावर राहतो, त्याच जुन्या गल्लीतला माझा बालमित्र, आता सोसायटीचा सेक्रेटरी. गणपती मंडळाचे ते अध्यक्ष म्हणजे त्याचेच वडील. त्यांच्याशेजारी मी बसलो होतो ती आठवण काढली, तर म्हणतो, “तू कुठचा पुढे गा, किस्ना? तुमचं घर पडद्याच्या मागे होतं. तुझ्या बाबांचं लाउडस्पीकरवरून मंडळाशी भांडण, तुम्ही आपल्या ओट्यावरून मागूनच पाह्यचे.”

चंद्रभानची स्मरणशक्ती गेली आहे. त्याला शुगर आहे.

रात्री विचार केला. काही वेळ ओट्यावर बसलो असेन. पुढे फार गर्दी असायची. जाणकार लोक मागेच बसत, मागून हवा लागते. आणि सिनेमा तोच, पडदा तोच, बाजू कोणती याने काय फरक पडतो?

३ ऑक्टोबर, शुक्रवार.

वेदिकाचा फोन. आई परवा येते आहे. काल दीक्षाभूमीला लाखो लोक आले, परतीच्या गर्दीने गाड्या तुडुंब, तरी तिकीट मिळालं. पुढे म्हणाली, बाबा, एकच मागते, सिनेमा चालू असताना बोलू नका. आईला पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघू द्या. आईने ते मुद्दाम सांगायला लावलं का, असं विचारलं. त्यावर ती म्हणाली, आई काही सांगत नाही बाबा, हाच तर प्रॉब्लेम आहे.

संकल्प: सिनेमाभर मौन. फक्त जिथे अगदी गरज असेल तिथेच बोलायचं.

गरजेच्या जागा वहीत लिहून काढल्या. पानं कमी पडली.

५ ऑक्टोबर, रविवार.

कौसल्या आली. हातात लहान बॅग. रिटर्न तिकीट काढून आली आहे, बुधवारचं. एकेरी मिळत नसेल.

तब्येत चांगली दिसते. तिथे भजनी मंडळात जाते म्हणे, पेटी शिकते आहे. मला माहीत नव्हतं तिला पेटी आवडते. मी म्हटलं, इथेही पेटी घेऊ. ती म्हणाली, बघू. स्वयंपाकघरात ती आणि कांताबाई बराच वेळ बोलत होत्या. मी पाणी प्यायला आत गेलो तेव्हा थांबल्या. उगाच गेलो.

६ ऑक्टोबर, सोमवार. दुपारी.

डेकोरेशनवाला रोशन पडदा आणि प्रोजेक्टर लावून गेला. त्याला विचारलं, चित्र डावं-उजवं फिरवता येतं का? येतं म्हणाला, मशीनमध्येच सोय आहे, पडद्यामागून सिनेमा दाखवायचा असेल तर वापरतात. म्हटलं, फिरव. तो म्हणाला, काका, सगळं उलटं दिसल. मी म्हटलं, उलटं आता आहे, ते सरळ कर. पोरगा दोनदा ‘नक्की ना?’ म्हणाला, मग त्याने केलं.

आज सगळ्यांना खरा सिनेमा दिसेल, मी पाहिला तसा. जेवणानंतर कौसल्याला सांगेन, आता इथेच राहा. आधी हसू दे.

७ ऑक्टोबर, मंगळवार.

काल रात्री लिहिलं नाही. वही उघडून तशीच मिटली. थंडी असावी.

आठ वाजता सुरू झालं. अख्खी बिल्डिंग गच्चीवर, सतरंज्या, दुधाचं पातेलं. टायटल्स उलटी आली. लोक कुजबुजले. मी सांगितलं, जुनी छपाई आहे. इथे बोलणं गरजेचंच होतं. शिडीचा सीन आला, मी एवढंच म्हटलं, आता बघा, सासरा माशी मारायला हात सोडतो. त्याने सोडला. दोघं-तिघं हसले. मग चुन्याच्या बादलीच्या आधी फक्त ‘बादली’ म्हटलं. पोस्टमनच्या आधी ‘कुत्रा’. बाकी गप्प होतो. कौसल्या पहिल्या रांगेत बसून दुधाच्या पेल्यात बघत होती.

बाकाचा सीन आला. पाटी आली. चिनी, अगदी मला आठवत होती तशी! मला भरून आलं. उठलो, पडद्याजवळ गेलो, म्हटलं, बघा, चिनी पाटी, आणि हा गडी मान डोलावतो. हीरो बसला, उठला, पट्टे दिसले. कोणी हसलं नाही. मी डावा पाय ओढत चालून दाखवलं. तरी नाही. कोणाचं तरी बाळ रडायला लागलं.

मागून चंद्रभान उठला. म्हणाला, “किस्ना, चित्र उलटं आहे गा. ती मराठी पाटी आहे.”

मी रोशनला बजावलं, हात लावायचा नाही. त्याने लावला. सीन मागे नेला, पुन्हा सुरू केला. हीरो उलट्या बाजूने आला. म्हणजे ते लोक ज्याला सुलटी म्हणतात त्या बाजूने. पडद्यावर ही मोठी अक्षरं: ‘रंग ओला आहे. बसू नये.’ हीरो चष्मा पुसतो, अक्षर अक्षर वाचतो, पटल्यासारखी मान डोलावतो, काळजीने रुमाल पसरतो आणि बसतो.

गच्ची फुटली. आणि त्या सगळ्यांत एक हसणं मला वेगळं ऐकू आलं. मी वळून पाहिलं तर कौसल्या. तोंडावर पदर नाही, हात नाही. डोळ्यांतून पाणी काढत, शेजारणीच्या मांडीवर थापा मारत म्हणाली, “म्हणजे रंग ओला होता होय!”

मी सांगायला गेलो की रुमालाचा चौकोन नीट बघ. तेव्हा सगळी गच्ची एका आवाजात म्हणाली, काका, बसा. पडद्यावर माझी सावली पडत होती म्हणे. मी बसलो नाही. चालत पडद्याच्या मागे गेलो. तिथे पाण्याच्या टाकीचा ओटा आहे, त्यावर टेकलो.

मागून सिनेमा बरोबर दिसत होता. हीरो डावीकडून येत होता, बादली डाव्या पायात. पाट्या चिनी. मध्येच बाबांची आठवण आली. तेही असेच बसायचे, पाठ ताठ करून, पुढचे हसले की ‘मूर्ख लेकाचे’ म्हणायचे. काल पुढचे हसत होते तेव्हा मला खूप वाईट वाटलं. छत्तीस वर्षं मी जे सांगत होतो त्यावर ती अशी एकदाही हसली नव्हती. वाटलं, कोणी तरी मागे येऊन म्हणेल, चला, पुढे बसा. सिनेमा संपेपर्यंत कोणी आलं नाही. टाकी गार होती.

नंतर दूध मिळालं. खाली गेलेलं केशर सगळं माझ्या पेल्यात आलं. कौसल्याला राहा म्हणायचं राहून गेलं, ती शेजारणींना रुमालाचा सीन करून दाखवत होती. चांगला करते.

८ ऑक्टोबर, बुधवार.

कौसल्या गेली. मी स्टेशनवर सोडायला गेलो. गाडी येईपर्यंत बाकावर बसलो होतो. म्हटलं, आता इथेच राहिली असतीस. मी काही तुला अडवणार नाही, पेटी शीक, भजन कर.

ती माझ्याकडे बघून चांगलं बोलली, म्हणजे रागावून नाही. म्हणाली, “सिनेमा फार छान होता हो. तुम्ही सांगायचे तसा नव्हताच.”

मग गाडी आली. बॅग हलकी होती, तिने स्वतःच चढवली. परत कधी येतेस असं विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला खरं सांगावं लागलं असतं, बिचारीला अवघड झालं असतं. मी इतरांचा विचार करतो, हाच माझा दोष.

९ ऑक्टोबर, गुरुवार. संध्याकाळी साडेसात.

दुपारी कांताबाई गेल्यावर फोनवर बाकाचा सीन लावला. मग फोन बाथरूमच्या आरशासमोर धरून पाहिला. अगदी मी सांगत होतो तसा. डावीकडून हीरो, डाव्या पायात बादली, चिनी पाटी. म्हणजे मी एक शब्दही खोटा सांगितला नव्हता! हे सिद्ध झालं. आता गैरसमजाला जागाच नाही, ती पुढच्या महिन्यात परत यायला हरकत नाही.

लगेच कौसल्याला फोन लावला. वेदिकाने उचलला. आई प्रवासाने थकली, झोपली म्हणाली. मी म्हटलं, तिला उठल्यावर सांग, आरशात बघ म्हणावं, बाबा बरोबर होते. वेदिका बरं म्हणाली.

तिच्या मागे कोणीतरी पेटी वाजवत होतं. एक सूर चुकला आणि वाजवणारी मोठ्याने हसली. सोमवारी गच्चीवर हसली होती तशीच.