एकोणीस घरांचा अभिप्राय

रविवार, ५ डिसेंबर २००४. सकाळी ६ वाजून ४० मिनिटे.

पंच मशीनने फॉर्मना भोकं पाडत आहे. शंभर फॉर्म, दोनशे भोकं. एकशे चौदा झाली. मध्येच थांबून ही नोंद, कारण आजपासून प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवायची असं ठरवलं आहे.

वस्तुस्थिती अशी. आपल्या समाजाच्या मंडळाची वधू-वर वेबसाइट आहे. दोन वर्षांपूर्वी अध्यक्ष सावळीरामशेठ यांच्या भाच्याने केली. हिरव्यावर लाल अक्षरं, तीही उघडझाप करणारी. सनई वाजते. शेठजींचा फोटो डावीकडून उजवीकडे जातो आणि परत येतो. मी स्वतःहून नवीन साइट तयार केली. क्रीम रंग. एकही शुद्धलेखनाची चूक नाही. सेक्रेटरी रंगनाथकाकांनी ती कॅफेत बसून पाहिली. म्हणाले, छान आहे रे हिरामण, पण उद्या कोणी म्हणालं की समाजाला न विचारता बदललीच कशी, तर? पन्नास घरांचे अभिप्राय भरून आण. सोळा जानेवारीच्या कमिटीत ठेवू. पास झालं तर साइट तुझ्याकडे, महिना तीन हजार.

ही तारीख घरी आप्पांनाही सांगितली. आप्पा म्हणाले, पिंपळगावच्या पॅकहाउसला एक फेब्रुवारीपासून द्राक्षाच्या पेट्या मोजायला माणूस हवाय, मी शब्द टाकून ठेवतो. एस.वाय.ला दोनदा नापास झालो ते आप्पांनी मनाला लावून घेतलं आहे. मी घेतलेलं नाही.

संकल्प: रोज पाच घरं. दहा दिवसांत पन्नास. अकराव्या दिवशी आलेख.

मंगळवार, ७ डिसेंबर.

काकांनी नावांचं रजिस्टर दिलं. फक्त वधूंचं. वरांचं बाइंडिंगला गेलं आहे. एकसष्ट घरं. मला फरक पडत नाही, वापरणारा तो वापरणारा. काका स्वतः घरोघरी फोन करून ठेवणार आहेत की मंडळाकडून एक मुलगा येतोय. मोठं मन.

आरशासमोर वाक्य पाठ केलं. "मंडळाच्या कामाने आलोय. वेबसाइटबद्दल आपलं मत हवं होतं." आईने निळा शर्ट आणला, नवीन. आप्पा पेपरामागून म्हणाले, मी तुझ्या आईच्या घरी सायखेड्याला पंप दुरुस्त करणारा कोणी आहे का, असं विचारत गेलो होतो. आई म्हणाली, पंप कसला, आमच्याकडे विहीरसुद्धा नव्हती. आणि पदर तोंडाला लावून हसली. विषय काय चाललाय आणि ही माणसं काय बोलतात.

बुधवार, ८ डिसेंबर.

पहिलं घर. नाशिक रोड, प्रेसची कॉलनी. स्वागत अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगलं. बैठकीवर धुतलेली चादर. कांदेपोहे, वर खोबरं. वडिलांनी माझं शिक्षण, आप्पांचं पेन्शन, घर स्वतःचं की भाड्याचं, हे विचारलं. मत देणाऱ्याला मत विचारणाऱ्याची माहिती हवीच. सगळं खरं सांगितलं.

चहा त्यांची मुलगी सविता घेऊन आली. कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. तिने फॉर्म मागून घेतला आणि फ्रिजवर ठेवून उभ्या उभ्या भरला. चौदाही प्रश्न. प्रश्न ९: मुलींच्या घरचे फोन नंबर साइटवर उघडे आहेत, कोणीही कधीही फोन करतं, काहीबाही बोलतं, ते आधी काढा. प्रश्न ११: साइट उघडायला सात मिनिटं लागतात, त्यातली सहा सनईला.

नवीन साइटमध्ये मी नंबर आणखी ठळक केले आहेत. पाहिल्यावर तिला पटेल.

फॉर्मच्या मागेही काहीतरी लिहिलेलं दिसलं. खाली स्वच्छ छापलं आहे, कृपया मागील बाजूस लिहू नये. वाचलं नाही. नियम सर्वांना सारखा. शेरा: नकारात्मक. फाइल केला.

रविवार, १२ डिसेंबर.

चार घरं. भरलेले फॉर्म शून्य. सगळ्यांचं एकच म्हणणं: आधी तुमचं कळवा, मग आम्ही कळवतो. म्हणजे मंडळाने आपली भूमिका आधी स्पष्ट करावी. रास्त आहे.

एका घरी वडिलांनी मुलीला माझा फॉर्म मोठ्याने वाचायला सांगितला. तिने चौदाही प्रश्न न अडखळता वाचले. वडील म्हणाले, वाचन स्वच्छ आहे. माझ्या प्रश्नांच्या मांडणीला मिळालेली ही पहिली दाद.

पोहे चार ठिकाणी, एका ठिकाणी शिवाय शिरा. गणपतीच्या वर्गणीला गेलो होतो तेव्हा याच दारांतून "साहेब घरी नाहीत" ऐकलं होतं. निष्कर्ष: समाज बदलासाठी आसुसलेला आहे.

मंगळवार, १४ डिसेंबर.

ज्यांच्या कॅफेत मी अर्धा दिवस बसतो ते नजीरभाई आज उगाच बोलले. नवीन साइटवरचा भेटींचा आकडा ११४३ झाला म्हणून दाखवला, तर म्हणाले, अरे भाऊ, तू येत नाहीस त्या दिवशी हा आकडा हलत नाही. मग विचारलं, प्रत्येक घरात पोहे? आणि चहा मुलगीच आणते? हिरामण, तू सर्व्हे नाही करत, तू रिश्ते बघत फिरतोय.

नजीरभाई मनाने चांगले. पण आपल्या समाजाच्या पद्धती त्यांना माहीत नाहीत. शांतपणे समजावलं. त्यांनी तबस्सुमभाभींना आतून बोलावलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून समजावायला लावलं. भाभी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या.

गुरुवार, २३ डिसेंबर.

घरं तेरा. भरलेला फॉर्म एक. साइटवरच्या अभिप्राय पानावर दोन नोंदी. एक "टेस्ट". दुसरी "टेस्ट २". दोन्ही माझ्या.

कारणं: १. थंडी. २. लोकांकडे पेन नसतं. ३. प्रश्न जास्त. चौदाचे सहा केले. पुन्हा झेरॉक्स.

शेजारच्यांकडे फोन आला, एका घरून. आई गेली. ते म्हणाले, मुलाचा निरोप काय? आई म्हणाली, अजून कुठं, बाकीची घरं व्हायचीत. किती बाकी? आई म्हणाली, साठातली तेरा झालीत. त्यांनी फोन ठेवून दिला. आईला म्हटलं, तू आकडे बाहेर सांगू नकोस. आई म्हणाली, हिरामण, तू नक्की काय करतोयस ते मला एकदा नीट सांग. फॉर्म दाखवला. तिने दोन्ही बाजूंनी पाहिला आणि पोटात काही ठेवतोस का, असं विचारलं. पोहे सोडून काहीही चालेल, म्हटलं.

शनिवार, १ जानेवारी २००५.

घरं एकोणीस. फॉर्म एकच. आज हिशेब केला: या वेगाने पन्नास फॉर्म व्हायला साधारण साडेतीन वर्षं.

नवीन वर्षाचा संकल्प: नवीन घरं बंद. त्याच घरांत दुसरी फेरी. माणूस पुन्हा आला की लोक गांभीर्याने घेतात.

मंगळवार, ४ जानेवारी.

खरं निघालं. दुसऱ्या फेरीत फारच गांभीर्याने घेतात. दोन घरं केली, दोन्हीकडे नारळ मिळाला.

रविवार, ९ जानेवारी.

सायखेडा. चिमाजीभाऊंच्या घरी दुसऱ्यांदा. ओसरीवर सतरंजी, त्यावर अकरा माणसं. मुलीचे मामा निफाडहून आलेले. वेबसाइटसाठी निफाडहून माणूस येतो हे कमिटीत सांगायचं. मला टॉवेल-टोपी केली, नारळ दिला. आजी भागीबाई माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, लय गुणाचं पोरगं हाय, परत आलं. एकदा पोहे खाऊन गेलेलं कुणी परत येत नाय. डोळ्यांत पाणी आलं. पाठपुरावा म्हणजे काय, हे आजवर एका माणसाला कळलं, आणि तिला अक्षरओळख नाही.

फॉर्म त्यांची मुलगी आशा हिच्या हातात दिला. नवीन साडी, घडी अजून मोडलेली नव्हती. तिने हळूच विचारलं, तुम्ही खरंच याच्यासाठी आलात? म्हटलं, हो, माझं सगळं पुढचं आयुष्य यावर अवलंबून आहे. ती फॉर्म घेऊन आत गेली. बाहेर आलीच नाही. चिमाजीभाऊ म्हणाले, आता काळजी नाही, बाकीचं आम्ही रंगनाथरावांशी बोलतो.

बहुधा पास होणार.

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत.

नारळ पाच. टॉवेल-टोपी तीन जोड. फॉर्म एक.

दोन दिवस राहिले. दार लावून डाव्या हाताने स्वतःच फॉर्म भरायला बसलो. तीन भरले. तिघांचंही शुद्धलेखन अचूक आलं, कोणीही ओळखेल. चौथ्यात मुद्दाम चूक करायची ठरवली. वीस मिनिटं पेन धरून बसलो. झाली नाही. चारही फाडले.

आप्पा तिळगूळ द्यायला आले. कागदांचे तुकडे पाहिले. मग दारातून म्हणाले, पॅकहाउसवाल्यांना हो म्हणू का? म्हटलं, दोन दिवस थांबा. म्हणाले, थांबतो. आप्पा ओरडले असते तर बरं झालं असतं.

रविवार, १६ जानेवारी.

कमिटी झाली.

माझा विषय सातवा होता, पहिला घेतला. मी फाइल उघडायच्या आत काकांनी आपला कागद उघडला. एकोणीस घरांचे फोन. मुलगा पाहून गेला, निरोप नाही. पाच घरी दोनदा पाहून गेला, नारळ घेतला, निरोप नाही. सावळीरामशेठ म्हणाले, पस्तीस वर्षं मंडळ चालवतोय, एवढ्या मुली पाहिलेला मुलगा मी पाहिला नाही, तोही नोंदणी फी न भरता.

मी म्हणालो, मी वेबसाइटबद्दल विचारत होतो. काका म्हणाले, अरे, आपल्यात मुलगा पहिल्यांदा येतो तो दुसऱ्याच कामाने येतो. मुलीला नकार ऐकावा लागू नये म्हणून. मंडळाचंच काम सांगतात सगळे. तुला घरात कोणी सांगितलं नाही?

पंप आठवला.

मी म्हणालो, मुलगा येतोय असे फोन काकांनीच केले होते. काकांनी रजिस्टरचं पान उलटलं.

चिमाजीभाऊ मागच्या रांगेत होते. सायखेड्याचा हॉल बारा मेसाठी विचारून ठेवला होता, ते सांगायला आले होते. टोपी काढून तिची घडी घालत राहिले.

मग शेठजी म्हणाले, बरं, अभिप्राय कुठे आहेत? मी फॉर्म दिला. आणखी असतील म्हणून काकांनी तो उलटला, आणि मागची बाजू मोठ्याने वाचली. "तुम्ही खरोखरच मंडळाच्या कामाने आला आहात, हे आमच्या घरात फक्त मला कळलं आहे. पुढच्या घरी दारातच स्पष्ट सांगा. तुमच्या अर्ध्या तासासाठी मुलीला सकाळपासून तयार होऊन बसावं लागतं. सविता."

एकोणचाळीस दिवस हे माझ्या फाइलमध्ये होतं. भोकं पाडून.

कोणी हसलं नाही.

ठराव: नवीन साइट नामंजूर. जुनी महिनाअखेर बंद, छापील सूची पुन्हा सुरू. मी नारळ परत करायचे आणि घरोघरी लेखी नकार कळवायचा, म्हणजे मुली मोकळ्या होतील. पोस्टकार्ड नको, पोस्टमन वाचतो. कारण: पत्रिका जुळत नाही. मी म्हणालो, मी एकही पत्रिका पाहिलेली नाही. काका म्हणाले, कोणीच पाहत नाही.

सोमवार, ३१ जानेवारी २००५. संध्याकाळी ५ वाजून १० मिनिटे.

सतरा अंतर्देशीय पत्रं गेली. अक्षर चांगलं आलं. अठरावं सविता यांना. त्यात पत्रिकेचा उल्लेख नाही. "प्रश्न ९, प्रश्न ११ आणि मागील बाजू, तिन्ही मान्य." दुपारी काकांकडून पासवर्ड घेतला आणि कॅफेत बसून जुन्या साइटवरचे एकसष्ट फोन नंबर काढून टाकले. साइट आज बंद होणारच होती. तरी काढले. नजीरभाईंनी त्या दीड तासाचे पैसे घेतले नाहीत.

सायखेड्याला काल स्वतः गेलो. दारातच स्पष्ट सांगितलं, नारळ परत द्यायला आलोय. चिमाजीभाऊंनी नारळ आणि टॉवेल-टोपी घेतली. आत या म्हणाले नाहीत. भागीबाई ओसरीवरून म्हणाली, मंग तवा कशाला आलता रं? फॉर्मसाठी, म्हटलं. ती म्हणाली, मंग त्यो घेऊन जा. आणि आत हाक मारली.

आशाने फॉर्म आणून दिला आणि लगेच आत गेली. भरलेला होता. तारीख ९ जानेवारी. सहाही प्रश्नांपुढे एकच शब्द: छान. मागची बाजू दोनदा पाहिली. कोरी.

शेरा: सकारात्मक, १. फाइल केला.

उद्या सहाच्या बसने पिंपळगाव.

खर्च: झेरॉक्स, दोन वेळा, १२०. बस आणि रिक्षा ४१२. शर्ट २४०. अंतर्देशीय १८, रु. ४५. नारळ एक, ९ (आईने चटणीला वापरला होता, नवीन घेतला). एकूण रु. ८२६.
मंडळाकडून मंजूर: शून्य.
देणे: आप्पांचे ३००. नारळ चार आणि टॉवेल-टोपी दोन जोड, रविवारी सुट्टी मिळेल तशी पोचवायची. मंडळाची नोंदणी फी १५१, वर म्हणून.