एका घरातून एकच

१२ जून
मुलुंडला जाऊन आले. डायलिसिस टेक्निशियनचा कोर्स, एक वर्षाचा. जागा आहे म्हणाले. फी ऐकल्यावर जिना उतरताना कठडा धरला.
बँकेतली मुलगी गोड आवाजात, "मॅडम, सॅलरी स्लिप?" घरी स्वयंपाक करणाऱ्या बाईला स्लिप कोण देतं? सरकारी योजनेत वय बसत नाही. अडतिशीची बाई म्हणजे त्यांच्या हिशेबी निवृत्तच.
अंधेरीच्या एका ट्रस्टमध्येही डोकावले. तिथले गृहस्थ, "मुलगी कितवीला आहे?" म्हटलं, मुलगा आहे, सातवीत. अर्ज माझ्यासाठी आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला. "ठेवून जा. बघू."

१५ जून
जेवताना विषय काढला. आमचं गावचं मंडळ शिक्षणाला मदत देतं, तिथे अर्ज करू म्हणते.
प्रशांत, "तू? शाळेत?" नवरा हसला नाही, पण घास जरा उशिरा गिळला.
सासूबाई, "आता शिकान काय करतलंस गे?"
म्हटलं, बाबांना आठवड्यातून तीनदा मशिनवर कोण घेऊन जायचं? तिथल्या सिस्टर म्हणायच्या, तुम्ही हीच लाइन घ्या. आईंनी आमटीचं पातेलं पुढे ओढलं. सासरे गेल्यापासून बाबांचं नाव निघालं की त्या विषय सोडतात. म्हणूनच काढलं.
तन्वी खाली बघून आमटी-भात खात होती. माझी धाकटी जाऊ, वय सव्वीस. एक शब्द नाही बोलली. एरवी बोलायला सगळ्यांच्या पुढे असते.

१९ जून
तिनेही अर्ज टाकला! मंडळाकडेच. तिला बेकरीचा कोर्स करायचाय. मला तिने सांगितलंच नाही. मंडळाच्या काकांनी प्र.ला फोन केला तेव्हा कळलं. "एका घरातून एकच घेतो आम्ही. तुमच्यात ठरवा नि कळवा."
त.ला विचारलं. "वहिनी, मला वाटलं दोघींना मिळेल ना."
वाटलं म्हणे. माहिती मी काढली, विषय मी काढला, आणि
लिहवत नाही.

२० जून
लिहितेच. ती लग्न होऊन आली आणि सहा महिन्यांत घरात ओव्हन आला. मी मिक्सर बदला म्हणून किती वर्षं सांगत होते. तिच्या नवऱ्याची नोकरी परमनंट, माझा कॉन्ट्रॅक्टवर. सोसायटीच्या मीटिंगला ती बोलते, मी चहा देते. "तन्वी हुशार, थोरली कष्टाळू." गाढवही कष्टाळूच असतं.
चिन्मय इंग्लिशचा अभ्यास तिच्याकडे करतो. माझा मुलगा. शब्द अडला की "काकी!" मी दोन फुटांवर उभी असते, हातात पोळीचं लाटणं.

२३ जून
प्र., "लहान आहे गं ती. सोड ना."
मी सव्वीसची होते तेव्हा या घरातली मोठी सून होते. ती सव्वीसची, तर लहान. कसं काय?
मग म्हटलं, रेशन कार्डं वेगळी करू. दोन घरं, दोन अर्ज. प्र.ने ताट सरकवलं. आतून आईंनी ऐकलं. "माझो घोव जावन वरीस जावक नाय, आणि तू घर फोडूक निघालंस?"
बाबांना जाऊन वर्ष झालं नाही, मान्य. पण घर फोडायला निघाले नव्हते. थोडीशी निघाले होते.

२७ जून
घरात ठरेना म्हणून दोघींना भांडुपला मंडळाच्या खोलीत बोलावलं. चार पुरुष, एक पंखा. त.ने मोबाइलवर केकचे फोटो दाखवले. पुढे दुकान टाकीन, गावच्या दोन मुलींना कामाला घेईन. फाडफाड बोलली. काका खूश.
मला विचारलं, "हाच कोर्स का?" बाबांचं सांगायचं ठरवून गेले होते. पण एकदा घरी वापरलं ते नाव, परक्यांपुढे परत नाही वापरवलं. म्हटलं, "नोकरी लवकर लागते." काकांनी मान डोलावली आणि पुढचा कागद घेतला.
बाहेर आल्यावर त.ने दोघींसाठी उसाचा रस घेतला. प्यायले. तहान लागली होती.

२ जुलै
तन्वीला मिळालं. आईंनी साखर वाटली. मी अभिनंदन म्हटलं, आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा आला. मग घरातले सगळे कपडे धुतले. धुतलेलेसुद्धा.

१० जुलै
तिचा क्लासमधला पहिला केक, केळ्याचा. मनात म्हटलं, बसला असणार मधे. नव्हता बसला. सगळ्यांसमोर एक तुकडा खाल्ला. दुसरा नंतर, उभ्याउभ्या, कोणी नसताना. चांगला होता. तेच झोंबलं.

१५ जुलै
अंधेरीच्या ट्रस्टचा फोन! देतायत. मदत नाही, बिनव्याजी कर्ज. पण जामीनदार हवा, कायम नोकरीवाला. आणि सोमवारी प्रवेश बंद.
प्र. कॉन्ट्रॅक्टवर, तो चालत नाही. बोरिवलीला भावाला फोन केला. "हिला विचारून सांगतो गं." 'हिला' म्हणजे संपलं.
राहता राहिले नितीनभाऊजी, तन्वीचे मिस्टर. तिच्या दारात हात पसरायचा नाही. नाही म्हणजे नाही.

१७ जुलै
कपडे वाळत घालताना त. गॅलरीत आली. "वहिनी, नितीन सही करेल. मी बोलले त्याच्याशी."
मी विचारलंच नव्हतं. चिन्मयने सांगितलं असणार.
"आधी नको म्हणत होता. भांडले मी." मग चिमटा लावत, माझ्याकडे न बघता, "मंडळाचं खरं तर तुमचं होतं. मला माहितेय."
म्हणजे माहीत होतं! तेव्हाही माहीत होतं!
आणि तरी नवऱ्याशी भांडली, माझ्यासाठी. मी तिच्यासाठी कोणाशी भांडले असते? आता चांगुलपणातही तीच पहिली. बाई माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवत नाही.
"बघते," म्हटलं.

१८ जुलै, रविवार
भावाचा फोन नाही.
प्र., "घे ना सही. कुठे नाक कापलं जातंय?" कापलं जातंयच. त्याला दिसत नाही एवढंच. उद्या हप्ता चुकला तर भाऊजींच्या पगारातून जाईल, आणि त. एका शब्दाने बोलणार नाही. ते न बोलणं मी रोज सकाळी चहाबरोबर पिऊ?
पण मुलुंडचा तो हॉल. पांढरे कोट. ओळीने मशिनं. बाबांच्या वेळेसारखं मला तिथे खुर्चीत वाट बघत बसायचं नाहीये आता, उभं राहायचंय.
भाऊजींनी सही करून कागद जेवणाच्या टेबलावर ठेवलेत, पगाराची स्लिप जोडून. सगळे त्यांना वळसा घालून जेवले. आईंनी लोणच्याची बरणीसुद्धा लांब ठेवली.
ट्रस्टचं ऑफिस उद्या दहाला उघडतं. ड्रेस इस्त्री करून ठेवलाय. कागद अजून उचललेले नाहीत.