यवतमाळच्या उन्हाळ्यातला मदरबोर्ड

सिस्टर, पाणी शंभर अंशांना उकळत नाही. निदान यवतमाळात तरी नाही. हे मी नववीत असताना तुम्हाला सांगितलं होतं, तुमच्याच लॅबमध्ये, आणि तुम्ही ऐकलं नव्हतं. स्पिरिटचा दिवा, तिवई, बीकर. पाणी खळखळ उकळतंय, पारा साडेअठ्ठ्याण्णवच्या आसपास येऊन थांबलाय आणि पुढे सरकायला तयार नाही. मी तेवढाच आकडा लिहिते. तुम्ही झग्याची बाही सावरत येता, माझी वही उचलता आणि विचारता, पुस्तक खोटं आणि तू खरी का? सगळा वर्ग हसतो. मी म्हणते, सिस्टर, तुम्हीच बघा ना. तुम्ही बघत नाही. तेच मला आजवर गिळता आलेलं नाही. चूक म्हणाला असतात तरी चाललं असतं, पण पाऱ्याकडे बघायला तुमचं काय जात होतं? तुम्ही माझ्याच हाताने तो आकडा पुसायला लावलात, शंभर लिहायला लावलंत, आणि त्या प्रयोगाला पूर्ण गुण मिळाले म्हणून मला येशूचं सोनेरी किनारीचं चित्र दिलंत. खोटं लिहिल्याबद्दल येशूचं चित्र! आपलं गाव समुद्रसपाटीपासून उंचावर आहे आणि उंचावर पाणी आधीच उकळतं, एवढी साधी गोष्ट मला पुढे कॉलेजात कळली. तोवर मी स्वतःला ठोंब समजत होते.

हे मराठीत लिहितेय, तेही मुद्दाम. वर्गात मराठी शब्द निघाला की तुम्ही गळ्यात लाकडी पाटी अडकवायच्या. आता अडकवा.

पुढे सगळी नोकरी मी विजेचे मीटर तपासण्यात काढली. कोणाचा मीटर धावतो, कोणाचा झोपतो, हे मी काटा बघून सांगायची, आणि साहेबांनी आकडा बदला म्हटलं की त्यांना म्हणायची, तुम्ही बदला, तुमच्या सहीने. त्यांना मी आवडत नसे. निवृत्तीच्या दिवशी हार घालताना साहेबांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता, तो त्यांच्या मुलीच्या लग्नातही नव्हता.

आज तुमची आठवण येण्याचं कारण मात्र वेगळं आहे. राळेगावला माझी भाची राहते. लोकांच्या लग्नाचे व्हिडिओ कापून, जोडून देते, त्यावर तिचं घर चालतं. तिचा जुना कॉम्प्युटर एक फिल्म तयार करायला इतका वेळ घ्यायला लागला की लोक वर्ध्याला, नागपूरला काम द्यायला लागले. भारी प्रोसेसर तिला परवडत नाही. म्हणून तिने ठरवलं की साधा घ्यायचा आणि कंपनीने नेमून दिलेल्या वेगापेक्षा जास्त वेगाने पळवायचा. याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की वीज जास्त लागते, ती नीट करून प्रोसेसरपर्यंत पोचवायचं काम मदरबोर्डचं, आणि तिथेच तो तापतो. तिने इथल्या दुकानातून मधल्या किमतीचा एक बोर्ड घेतला आणि प्रोसेसरसकट माझ्याकडे आणून ठेवला. "मावशी, तू तपासून दे. सीझनमधी बंद पडला तर मले पुन्हा कोणी काम देनार नाही."

मी आधी इंटरनेटवरची परीक्षणं वाचली. सिस्टर, तुमच्या शिकवणीची पोरं जगभर पसरली आहेत. खोक्यावर जे छापलंय तेच वाचतात आणि मान डोलावतात. बहुतेकांनी खोलीचं तापमान सांगितलेलं नाही, आणि ज्या एकाने सांगितलं त्याची खोली बावीस अंशांची. बावीस! आमच्याकडे बावीस अंशांना म्हातारी माणसं कानटोपी घालतात. बोर्डाकडे बघितलं तर संताप आणखी वाढला. रंगीत दिवे लावायला चार जागा, पंखे जोडायला दोन. उष्णता खेचणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर शोभेचं प्लास्टिकचं झाकण, म्हणजे तापलेल्या माणसाच्या अंगावर शाल. पैसे घेतले ते दिव्यांचे आणि झाकणाचे.

वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी तो मांडला, भर दुपारी. कूलर बंद ठेवला, कारण इथले लोक कॉम्प्युटर उघडा करून कूलरसमोर ठेवतात आणि ओल्या हवेने बोर्ड गंजला की कंपनीला शिव्या देतात. खोली चाळीस अंश. वेग वाढवला, भाचीनेच दिलेली एका लग्नाची फिल्म तयार करायला लावली आणि माझं स्वतःचं थर्मामीटर वीजपुरवठ्याच्या भागाला टेकवलं. वरात मांडवात पोचण्याआधीच तापमान एकशे बाराला गेलं आणि प्रोसेसरने आपला वेग खाली आणला. झाकण काढून पुन्हा केलं. दोन-तीन अंशांचा फरक.

मी तडक दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "म्याडम, कायले एवढं मोजून राह्यल्या? डब्यावर लिहून हाय न, थंडा राह्यते म्हनून."

"डब्यावर राजबिंडा लिहून तुमच्या गळ्यात अडकवलं, तर तुम्ही राजबिंडे व्हाल का?"

"आजपर्यंत एकाही गिऱ्हाइकानं थर्मामीटर नाही लावलं, म्याडम."

"म्हणूनच तुमचं दुकान चालतं."

लोक हसले. तोच बोर्ड घ्यायला दोघे जण उभे होते. त्यांना मी सांगितलं, हा माल ओव्हरक्लॉकिंगच्या लायकीचा नाही, पैसे पाण्यात घालू नका. ते निघून गेले. दुकानदार बिचारा बघत राहिला. बिचारा हा शब्द मला तिथे सुचला नव्हता, आत्ता लिहिताना सुचला. माझं म्हणाल तर मला फार बरं वाटलं होतं. तुमच्या वर्गातून इतक्या वर्षांनी ताठ मानेने बाहेर पडल्यासारखं.

काल भाची आली, बोर्ड नेऊन दुकानात परत करायला. आली ती रडवेलीच. येत्या सीझनची कामं तिने घेऊन ठेवली होती आणि मी तिला फोनवर सांगितलं होतं, विषय संपला, हा बोर्ड चालणार नाही. तरी तिने एकदा चालू करून बघितला आणि विचारलं, "मावशी, व्होल्टेज कितीवर ठेवलं होतं?"

"ऑटोवर आहे."

"ऑटोवर? काहून? ऑटो म्हंजे कंपनीचा हिशोब. थे आपली चामडी वाचवाले जास्तच व्होल्टेज देते. जास्त दिलं तर तापनारच न."

"कंपनीनेच ठरवलेलं आहे, त्यात आपण कशाला हात घालायचा?" असं मी म्हणाले. सिस्टर, हे वाक्य माझ्या तोंडून निघालं. भाचीने व्होल्टेज हाताने थोडं कमी केलं, तीच फिल्म लावली, चालली. आणखी कमी केलं, चालली. आणखी केलं तेव्हा कॉम्प्युटर बंद पडला, मग ती एक पायरी मागे आली. तीच खोली, तीच दुपार, तोच वाढवलेला वेग, माझंच थर्मामीटर. एक्याण्णव. पाठोपाठ चार लग्नं लावली, एकदाही वेग पडला नाही. "जमते मावशी! सीझन निंगते आपला," म्हणत तिने माझ्या गळ्यात हात टाकले, बोर्ड गोधडीत गुंडाळला आणि राळेगावच्या बसला पळाली.

तेव्हा माझा निकाल असा आहे: दिव्यांचा भपका आणि झाकणाचा मूर्खपणा वजा केला तर या किमतीत बोर्ड चांगला आहे. व्होल्टेज हाताने बसवलं तर यवतमाळच्या उन्हाळ्यातही ओव्हरक्लॉकिंगला टिकतो. खोक्यावर "थंड" लिहिणारे खोटारडेच आहेत, आणि बावीस अंशांत बसून शिफारस करणारेही. तुमच्यावरचा रागही तसूभर कमी झालेला नाही, गैरसमज करून घेऊ नका. तुम्ही बघायला हवं होतं.

पण हा निकाल जिथे सांगायला हवा तिथे मी अजून सांगितलेला नाही. दुकान उघडून बराच वेळ झाला असेल. सकाळपासून मी चपला घालून तयार बसलेय, आणि तिकडे जायचं टाळण्यासाठी तुम्हाला लिहितेय.