दारातली हिरवी साडी

निमोणे, रविवार, संध्याकाळ

आप्पा गेल्यापासून त्यांची स्पोर्ट्स कार गोठ्यात पडून होती. बॉडी त्यांनी हातानं फायबरची बनवलेली, सीटा दोनच. तालुक्यात अशी दुसरी नाही. आज कारच्या दाराचा आतला रंग घासला तर खाली हिरवी फुलं! बॉडीला थर द्यायचं फायबरचं कापड कमी पडलं असणार, आप्पांनी आईची साडीच चिकटवली.

आईला हाक मारली. "अगं बया, ही मी किती हुडकली! ह्यांना इचारलं तर म्हणले, वाऱ्यानं उडाली आसंल." खूप हसली. मग त्या हिरव्या फुलांवरनं बोट फिरवत म्हणाली, "साडी लांबलांब फिरून आली. मला कवा नेलं न्हाई."

का नेलं नसेल? आप्पा असते तर विचारलं असतं. पण काय तोंडानं? दुसऱ्या सीटवर कायम मीच बसायचो.