प्रवासात असलेल्यांची नावे

बाळकुम, नोव्हेंबर १९५२

चिरंजीव पायस यास, जिथे असशील तिथे बापाचा आशीर्वाद.

तुझ्या बोटीचा चौदा महिने ठावठिकाणा नाही, म्हणून या पत्रावर पत्ता घालता येत नाही. तरी एक कबुली तुझ्याजवळच द्यावयाची आहे.

संध्याकाळी घरात माळेची प्रार्थना झाली की मी आधी प्रवासात असलेल्यांची नावे घेतो, मग मृतांची. हे तुला ठाऊकच आहे. काल तुझे नाव मी मृतांमध्ये घेतले. सवयीने सगळे ‘आमेन’ म्हणाले. तुझ्या ज्युलियानाने तेवढे मला तिथेच अडवले.

“बाबा, चुकलं तुमचं. ते दर्यावर आहेत. परत म्हणा.”

“तोंडातून चुकून गेलं गं, सूनबाई.”

“गावाला देवाची वाट बघायला शिकवता, आणि घरातलंच नाव चुकता?”

मी परत म्हटले. परंतु पायस, ते चुकून गेले नव्हते. म्हातारपणापर्यंत पुत्राची वाट पाहणाऱ्या अब्राहामाच्या धीरावर मी गावाच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात उभी हयात बोललो. पण वाट पाहून इतका थकलो, की तुझा शोक करण्यातच मला विसावा दिसू लागला.

आज नावे घेण्याचे काम मी ज्युलियानाकडे सोपवले. तू आहेस की नाहीस, हे तिलाही ठाऊक नाही. तरी प्रवाशांमध्ये तिने तुझे नाव पहिले घेतले. मी ‘आमेन’ म्हणालो. तूर्त माझी श्रद्धा त्या एका शब्दापुरतीच उरली आहे, आणि तो मी मनापासून उच्चारला.

तुझा थकलेला बाप,
सिल्वेस्टर