डबीच्या बटणाची शपथ

शैल्या, तोंड मिटूनच बसायचं होतं तर आधी माझा हात डोक्यावर ठिवून शपथ कशाला घातलीस? तू तिकडं कोळवणच्या शिबिरात दहा दिवसांचं मौन धरलंस आन् हितं माझा वजनकाटा मुका झालाय. (तुझ्या आजोबानं चाळीस वर्सं मौन पाळलं, पण त्यापायी कुटं नाव नोंदवायला गेला न्हाई.)

असो. चिरंजीव शैलेश यास रिह्याहून आजीचा आशीर्वाद. तू बरा असशील, तितं भांडायलाच कोणी न्हाई. सांच्याला नुसती फळं देतात म्हणे, तर पोटाला जप. माझं विचारशील तर गुडघा हाय तसा हाय, झोप मात्र मंगळवारपासनं उडालीय. का, ते सांगते. दमानं वाच, तुला आता येळच येळ हाय.

रविवारी तू ती काडेपेटीएवढी डबी आणलीस. ओटीवरच्या दूधकेंद्राचा वजनकाटा, त्याची ती नऊ टाचण्यांची जाड वायर, ती तू डबीत खोचलीस, डबीला नेटची वायर लावलीस, आन् म्हणालास की हितं काट्यावर कॅन ठेवला की वजन थेट दूध संघाच्या ऑफिसात दिसंल. दिसलं बी. पण पहिल्यांदा काट्यानं साडेचार सांगितलं आन् तिकडं मुंग्या मेल्यासारखी अक्षरं उमटली. तू म्हणालास, काटा सावकाश बोलतो, डबी घाईनं ऐकते, दोघांचा वेग एक करावा लागंल. मी म्हणलं, हे तर आपल्याच घरातलं लगीन झालं. मग तू वेग जुळवलास. (माझ्या वक्ताला असा जुळवणारा कोणी न्हवता.)

आता माझी खोड तुला ठावं हाय. दूध घेऊन झालं की मी ओटीवरची सगळी बटणं बंद करते. वीज काय झाडाला लागत न्हाई. त्या दिवशी मी डबीचं बटण तीनदा बंद केलं आन् तीनदा तू कपाळ बडवलंस. शेवटी माझा हात धरून आपल्या डोक्यावर ठेवलास आन् म्हणालास, "आजी, माझी शपथ हाय, हे बटण बंद होऊ द्यायचं न्हाई." हे वाक्य ध्यानात ठेव.

सोमवारी तू हिंजवडीच्या ऑफिसातनं डबीला जोडून बघितलंस, मला फोन करून चंद्राबाईच्या म्हशीचं दूध किती ते सांगितलंस, लई खूश झालास. आन् सांच्याला शिबिराच्या फाटकावर फोन जमा करून मुका झालास. मंगळवारी सकाळी संघाच्या ऑफिसातनं विचारणा, रत्नाबाई, आज दूध घेतलं न्हाई का? घेतलं की, पस्तीस जणांचं घेतलं. काट्यावर आकडा दिसतोय, तिकडं काहीच जाईना.

मागच्या खोलीत भाड्यानं राहणारी वैष्णवी, ती लातूरची कम्प्युटरवाली पोरगी, तिनं येऊन बघितलं. तिचं म्हणणं, डबी एका येळी एकाशीच बोलते, आन् शैलेशच्या ऑफिसातला कम्प्युटर अजून तिला धरून बसलाय. म्हंजे एसटीच्या खिडकीतनं सीटवर रुमाल टाकायचा आन् स्वतः उतरून देवाला जायचं, तसं तू केलंस. बाकीचे हुबे. तुझ्या बायकोला, उत्कर्षाला फोन केला, तर ती म्हणाली कम्प्युटर ऑफिसात कुलपात हाय. नेटची वायर उपटून परत लावली, तरी डबी तुझीच वाट बघतीय. उपाय एकच, डबी बंद करून चालू करायची. असं म्हणून त्या पोरीनं बटणाकडं हात नेला, तो मी उलथन्यानं परतवला.

तू 'बंद करू नको' म्हणाला असतास तर मी तिच्याकडनं करून घेतलं असतं. तू म्हणालास, बंद होऊ द्यायचं न्हाई. म्हंजे आता मी राखणीला बसलेय. लाईट गेली तर आपोआप सुटंल असं वाटलं. दोन दिवसांत तीनदा गेली. पण तू त्या डबीला बॅटरी लावून ठेवलीयस. सगळं रिहे काळोखात आन् ओटीवर तेवढा एक हिरवा दिवा टकाटका बघतोय. इतकं ध्यान कधी माझ्या औषधाकडं दिलं न्हाईस.

संघाचा सायेब शुक्रवारी सकाळी येतोय. तवर वजनं पोचली न्हाईत तर केंद्र उचलून घोटावड्याला नेणार, असं त्यानं शेजारच्या कोंडाजीपाशी बोलून दाखवलं. चंद्राबाईची एकच म्हैस, वर फुगलेले पाय. ती कॅन घेऊन घोटावड्याला जाणार व्हय? म्हैस विकंल. एकोणीस वर्सं केंद्र ओटीवर हाय. उद्या ते गेलं तर मी सकाळी उठून कोणावर वरडायचं?

तुझी आजी,
रत्नाबाई

ता. क. ह्या चिठ्ठीबरूबर शेंगदाण्याचे लाडू हायेत. मौनात चावल्याचा आवाज चालतो का, विचारून खा.

ता. क. दुसरं. मी शपथा मानत न्हाई. कोंबड्यांच्या भांडणात शंभर खोट्या खाल्ल्यात, कुणाला शिंक बी आली न्हाई. आज दुपारी कोणी नसताना बोट बटणावर ठेवलं बी होतं. पण शपथ तुझ्या डोक्याची हाय, आन् लहानपणी गालफुगी झालेलं ते डोकं मी मांडीवर घेऊन बसले होते. बोट मागं घेतलं.

ता. क. शेवटचं. चिठ्ठी दुधाच्या टेम्पोवाल्या इंद्रजितबरूबर धाडतेय. तो फाटकाशी थांबंल. ज्यानं शपथ घातली त्यानंच 'सुटली' म्हणायचं असतं, आन् तोंडानं. लिहून चालायचं न्हाई, मान हलवून चालायचं न्हाई, उत्कर्षानं तुझ्या वतीनं म्हणलेलं तर मुळीच न्हाई. मौन मोडल्याचं पाप माझ्याकडं लाव, तितं आधीच गर्दी हाय. उत्तर तूच द्यायचं, आन् शुक्रवारच्या आत.