शेवटचं गाणं ऐकायचं राहिलं आहे

मी, खाली सही करणारा, बॉयलर बांधणीतला निवृत्त कारागीर, कान गेलेले असले तरी डोकं ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने किंवा भिडेने नव्हे तर स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. पत्नी म्हणाली, डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला जोडा. तो जोडला आहे.

घर पत्नीच्या हयातीत तिचं. तिच्या पश्चात मुलाचं, पुढची खोली सोडून. ठेवी पत्नीच्या. त्या कशा खर्चाव्यात हे तिला सांगायची माझी कधी छाती झाली नाही, आताही होत नाही. माझे घण, छिन्न्या आणि मोठा पाना मुलाला द्यावा. त्याला ते वापरता येत नाहीत, पण जड आहेत. बायकोला मागे टाकून दुसऱ्या शहरात निघून गेलेल्या माणसाने एकदा तरी काहीतरी ओझं उचलावं.

पुढची खोली मात्र सुनेची, कायमची. नातेवाईक विचारतात, नवराच नाही तर ती इथे कोणत्या नात्याने राहते? त्याचं उत्तर इथेच नोंदवतो.

सून दातांच्या कवळ्या बनवते. रविवारी काम करताना ती पॉवर मेटल नावाचं संगीत लावते. घणाच्या आवाजाने माझे कान असे गेले आहेत की साधं गाणं मला नुसतं पुटपुटणं वाटतं. पण एकदा तिच्या टेबलावर सहज हात टेकला आणि ड्रम थेट मनगटात शिरले. वर एक बाई इतक्या उंच पट्टीत गात होती की कित्येक वर्षांनी मला शब्द सुटे ऐकू आले. भाषा परकी, अर्थ कळेना. सुनेला विचारलं, ही एवढी जिवाच्या आकांताने कोणाला हाका मारतेय?

ती म्हणाली, अख्खा अल्बम मिळून एकच गोष्ट आहे. सूर्य विझलेल्या राज्यातली एक लोहारीण नवा सूर्य घडवायला निघते. झालं, मला चैन पडेना. कोळसा कुठून आणणार? भाता कोण ओढणार? सून ओळ न् ओळ समजावून सांगायची आणि मी प्रश्न विचारून तिला भंडावून सोडायचो. रविवारी एकच गाणं, हा नियम माझा. बॉयलरचा एक जोड थंड झाल्याशिवाय आम्ही कारागीर दुसरा घालत नसू.

वरच्या मजल्यावरचे संगीतशिक्षक तेव्हा काठीने जमीन ठोकायचे. त्यांना मी मनातल्या मनात बरंच काही बहाल केलं होतं, ते परत घेतो. कारण एक दिवस ते खाली येऊन म्हणाले, पहिल्या गाण्यातली चाल आज संथ होऊन परत आली, म्हणजे तिला घर आठवतंय. हे मला सुचलंच नव्हतं. आता ते दर रविवारी येतात. त्यांची ठरलेली खुर्ची त्यांना द्यावी.

आता मुद्द्याचं. सून सुरुवातीलाच म्हणाली होती, "बाबा, हा अल्बम संपेपर्यंत आहे मी. तोवर कुठेतरी खोली बघते."

एकच गाणं उरलं आहे. लोहारणीने धगधगता सूर्य उचलला आहे, तिचे हात भाजताहेत, आणि पुढचं मला ठाऊक नाही. कधी डोकं दुखतं, कधी कानातल्या यंत्राची बॅटरी संपते, अशी कारणं सांगून मी ते गाणं लांबवत आलो आहे. सून भांडी घासताना तेच गुणगुणते, तेव्हा मी यंत्र काढून ठेवतो. पत्नीच्या नजरेतून हे सुटलेलं नाही.

ती म्हणाली, "इथेच राहा म्हणून सरळ सांगा ना तिला. गाणं कशाला अडवून धरलंय?"

तोंडाने मला ते जमत नाही, म्हणून कागदावर लिहितो. सुनेने इथेच राहावं असं मला फार वाटतं. कोणत्या नात्याने, तर माझं माणूस म्हणून. तिला जायचंच असेल तर तिने खुशाल जावं, खोली तरीही तिचीच.

शेवटची अट. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. हे उद्या रविवारी, माझ्या देखत, सुनेला वाचून दाखवावं आणि खोलीची किल्ली तिच्या हातात द्यावी. मग तिने गाणं लावावं. मी मेल्यावर मला कोण सांगणार, त्या लोहारणीचं काय झालं?

लिहून ठेवणार: बॉयलर कारागीर (सही)
साक्षीदार: वरच्या मजल्यावरचे संगीतशिक्षक (सही)
साक्षीदार: दाखला देणारे डॉक्टर (सही)
ठिकाण: स्वयंपाकघरातलं टेबल
दिनांक: महिन्याचा शेवटचा शनिवार, सून कवळ्या पोचवायला गेली असताना